बारा पेरं, अकरा बार

"बारा," मी म्हणालो. शब्द तोंडातून गेला आणि मला वाटलं, आज काहीतरी उलटं झालं. काय ते लगेच कळलं नाही.

ओव्हरसियर पाठक माझ्या शेजारीच उभे होते. "किती झाले, मेजर?" असं त्यांनी विचारलं होतं. साहेबानं विचारलं की जवान उत्तर देतो. पंधरा वर्षांची सवय. मी उत्तर दिलं, पाठकांनी शिट्टी फुंकली आणि बांधाच्या आडोशाला बसलेली सगळी माणसं उठली. घमेली खणखणली. सांडव्याकडं येणाऱ्या तीन वाटांवर तीन तांबडे झेंडे होते. दोन खाली आले. तिसरा तसाच वर.

"ए बाई, झेंडा पाड की!" मुकादम रंगराव ओरडला.

तिसऱ्या वाटेवर तानूबाई होती. तिनं झेंडा पाडला नाही. उलट वाटेत आडवी उभी राहिली आणि मागून येणाऱ्या बायकांना तिनं हातानं थोपवलं.

"अकराच झाल्यात," ती तिकडून म्हणाली. "बारावा कुटं हाय?"

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. विट्याच्या वरच्या अंगाला माळावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. मी त्या कामावर ब्लास्टर होतो. मेजर मी कधीच नव्हतो. सैन्यातल्या इंजिनिअर्सच्या कंपनीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो. पण आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. पहिले काही महिने मी लोकांना दुरुस्त करत होतो. मग सोडून दिलं.

तलाव भरला की जादा पाणी बाजूनं काढून द्यावं लागतं. त्या वाटेला सांडवा म्हणतात. आमचा सांडवा काळ्या खडकातून जात होता. खडकात भोकं पाडायची. भोकात जिलेटीनच्या कांड्या. एका कांडीत टोपी, म्हणजे डिटोनेटर. टोपीला वात. वरून माती ठासायची. वातींची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवायची, म्हणजे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात. ते मोजायचे. बारा वाती पेटवल्या तर बारा आवाज यायला हवेत. अकरा आले तर एक बार खडकात जिवंत आहे. तो दिसत नाही. त्याच्यावर ढिगारा पडलेला असतो. त्या ढिगाऱ्यात कुणी पहार मारली की मग तो उडतो.

म्हणजे पेटवणं हे माझं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे मोजणं.

मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पाठकांचा चेहरा उतरला. दुपारी तीनला डेप्युटी इंजिनिअर मापं घ्यायला येणार होते. त्याआधी सांडव्यातला दगड उचलून बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला लावायचा होता. माप भरलं नाही तर मजुरांचा अर्धा दिवस वाया जाणार होता. दुष्काळात अर्धा दिवस म्हणजे काय, हे मी कुणाला सांगायची गरज नाही.

मी रंगरावला विचारलं, "तुम्ही किती मोजले?"

"बाराच की."

"पाठकसाहेब?"

"बारा. तुम्हीच म्हणालात ना?"

झेंडे पाडलेल्या दोघांना बोलावलं. एक म्हणाला, बारा. दुसरा पायाकडं बघत राहिला.

"मोजले होतेस का?"

"आठपातूर मोजलं, मेजर. फुडं म्हनलं, तुमी मोजताच की."

तेव्हा मला कळलं काय उलटं झालं होतं. मी आधी बोललो होतो. आता मला मिळणारा प्रत्येक बारा हा माझाच बारा होता, फिरून परत आलेला. त्यातला एकही खरा की खोटा हे सांगता येत नव्हतं.

मी माझीच आठवण तपासायला लागलो. नववा आणि दहावा लागोपाठ आले होते. मग थोडी फट. मग अकरावा. आणि बारावा? बारावा मी ऐकला होता. पण कुठून? सांडव्यातून की समोरच्या टेकडीवरून? टेकडीवरून आवाज उलटतो. जितका विचार करावा तितका तो बारावा आवाज कधी मोठा होत होता, कधी नाहीसाच होत होता. पाच मिनिटांपूर्वी मी शपथेवर सांगितलं असतं. आता मला माझ्या स्वतःच्या कानाचा भरवसा राहिला नव्हता.

तानूबाई जवळ आली. तिच्या हाताला दगड लागला होता, म्हणून घमेलं न देता तिला झेंड्यावर ठेवलेलं. चाळिशीची बाई. बौद्धवाड्यातली. कामावर पाण्याचे डेरे दोन होते आणि तिचा कोणता, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. तिनं डावा हात माझ्यापुढं धरला. अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर दाबलेला होता. इतका वेळ तिनं तो उचललाच नव्हता.

"चार बोटं. बारा पेरं," ती म्हणाली. "हितं आलं नि थांबलं. ह्ये वरचं ऱ्हायलं."

"दोन एकदम उडाले असतील, बाई."

"असतील. मला काय ठावं? ऐकलं त्येवढं सांगितलं."

"आवं मेजर, हिचं काय घेऊन बसलाय?" रंगराव म्हणाला. "चौघं म्हंत्यात बारा. ही एकली म्हंती अकरा."

इथं मला सुभेदार यादवांबद्दल सांगायला हवं.

मी भरती होऊन ट्रेनिंग संपवून कंपनीत गेलो, तेव्हा आम्ही पूर्वेकडच्या डोंगरात रस्ता काढत होतो. यादव आमच्या पथकाचे जेसीओ, म्हणजे जवानांतून वर चढलेले अधिकारी. कराडकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. ते मराठी असूनही कामावर मराठी बोलत नसत. माणूस कमी बोलायचा. बार उडाले की ते शिट्टी वाजवायच्या आधी सगळ्यांना एका रांगेत उभं करत. आणि म्हणत, "गिनती. सबसे छोटा पहले."

सर्वांत नवा सॅपर, म्हणजे साधा जवान, आधी आकडा सांगणार. मग त्याच्यावरचा. मग नाईक, हवालदार. यादव सगळ्यांत शेवटी. त्यांचा आकडा आधी कुणाला कळत नसे.

त्या दिवशी सर्वांत नवा मी होतो. मी म्हणालो, "नऊ, साहब." बाकी सगळे दहा म्हणाले. मागं गाड्यांचा ताफा अडकून पडला होता. कॅप्टनसाहेब घड्याळ बघत होते. यादवांनी सगळा रस्ता बंद ठेवला. अर्धा तास थांबले आणि एकटे ढिगाऱ्यावर गेले. एकेक भोक बघून आले. दहाच्या दहा उडाले होते. माझी गिनती चुकली होती.

मला वाटलं, आता आपली धडगत नाही. यादव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "गलत गिना," म्हणाले. मग जरा थांबून, "लेकिन बोला." बस. दुसऱ्या दिवशी रांग लागली आणि त्यांनी पुन्हा मलाच आधी विचारलं.

एकोणीस वर्षांच्या पोराला असं कुणी वागवलं की त्याचं काय होतं, ते शब्दांत सांगता येत नाही. पुढं मी नाईक झालो, हवालदार झालो. माझ्या हाताखाली माणसं आली. मी दुसरं काही नवीन केलं नाही. धाकट्याला आधी विचारलं, स्वतः शेवटी बोललो, आणि शंका आली की एकटा पुढं गेलो. माझ्या पथकात एकाही माणसाचं बोट गेलं नाही. लोक मला चांगला हवालदार म्हणत. मी मनात म्हणे, मी कुठला, हे सगळं यादवांचं.

तलावावर आल्यावरही मी तसंच करत होतो. पण इथं एक अडचण होती. फौजेत धाकटा कोण हे खांद्यावर दिसतं. इथं धाकटा कोण? मी आपला पहिल्यांदा रंगरावला विचारायचो, कारण मुकादम हा पाठकांच्या खाली. त्याच्याही खाली माणसं आहेत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि त्या दिवशी तर तेही केलं नाही.

पाठक म्हणाले, "मेजर, काय ठरवताय? मला साहेबांना उत्तर द्यायचंय."

काय ठरवावं मला खरंच कळत नव्हतं. बाई चुकली असेल तर तीनशे माणसांच्या पोटावर पाय. मी चुकलो असेन तर कुणाचा तरी जीव. आकडे तरी चार विरुद्ध एक होते. पण ते चार खरं तर एकच होते, माझे. म्हणजे एकाविरुद्ध एक. आणि त्या दोघांतल्या एकीनं अंगठा पेरावरून उचलला नव्हता.

"अर्धा तास कुणी खाली उतरायचं नाही," मी म्हणालो. "मग मी एकटा जातो."

रंगराव काहीतरी पुटपुटला. लोक परत बसले. बायकांच्या घोळक्यातून तानूबाईला दोन-चार बोलणी बसलेली मला ऐकू आली. ती आपल्या झेंड्यापाशी जाऊन उभी राहिली.

अर्ध्या तासानं मी उतरलो. उडालेल्या भोकाची खूण राहते. खडकात अर्धं फुटलेलं नळकांडं दिसतं, आत काळं झालेलं. पहिली सात सहज सापडली. पुढच्या चारांसाठी हातानं दगड बाजूला करावे लागले. पहार वापरायची नाही. एक दगड उचलायचा, खाली बघायचं, मग दुसरा. डोक्यावर ऊन. वर तीनशे माणसं गप्प बसून माझ्याकडं बघत होती. अकरा झाली. बाराव्याच्या जागी सर्वांत मोठा ढीग होता.

दीडएक तास गेला असेल. एक रुंद चीप उचलली आणि खाली वातीचं टोक दिसलं. वीतभर वात. तुटलेली. शेजारच्या बारातून उडालेल्या दगडानं ती कापली गेली होती. विस्तव टोपीपर्यंत पोचलाच नव्हता. भोकावरची ठासलेली माती जशीच्या तशी होती.

  त्या क्षणी मला एवढंच वाटलं, की मग मी बारावा आवाज ऐकला तो कसला?

न उडालेला बार उपसायचा नसतो. त्याच्या शेजारी नवा बार करून दोन्ही मिळून उडवतात. ते केलं. परत सगळे आडोशाला. एकच वात पेटवली. एकच मोठा धडाका झाला. मी पाठकांच्या तोंडाकडं न बघता सरळ तानूबाईपाशी गेलो आणि विचारलं, "किती?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी चेष्टा करतोय असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, "येक."

"रंगराव?"

"एक, मेजर," रंगराव म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. त्याची स्वतःची सून त्या वाटेवरच्या घोळक्यात होती, हे मला संध्याकाळी कळलं.

डेप्युटी इंजिनिअर आले तेव्हा सांडव्यात दगड तसाच पडलेला होता. "काम का थांबलं?" त्यांनी विचारलं.

"गिनती चुकली, साहेब."

"कुणाची?"

"माझी."

"मग बरोबर कुणाची होती?"

मी तानूबाईचं नाव सांगितलं. ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. लिहून घेतलं की नाही, माहीत नाही. मापं त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतली. तेवढा भलेपणा त्यांनी केला.

माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. उस्तादांनी शिकवलेली एकच गोष्ट, आणि तीच मी मोडली होती. रविवारी मी विट्याहून कराडची एसटी धरली. यादव पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली होती. मलकापूरच्या पुढं त्यांची मळ्यात वस्ती. आमच्या माळावर गवताची काडी नव्हती आणि तिकडं कृष्णाकाठी ऊस उभा होता. दोन्हीकडची माणसं एकाच एसटीत बसलेली.

सुभेदार अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी कडक सलाम केला. त्यांनी मला ओळखलं, उठून जवळ घेतलं. मग मी सगळी गोष्ट सांगितली. माझी चूक पहिल्यांदा, मग बाकीचं. ते मान हलवत होते. मी थांबलो तर म्हणाले, "बरं झालं आलास. पाऊसपानी काय म्हंतंय तिकडं?"

मी गोंधळलो. त्यांच्या घरच्या काकी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आवं, मोट्यांदा बोला. त्यास्नी ऐकाय येत न्हाई."

"कधीपासून?"

"कदीपासनं म्हंजी? पलटणीत हुतं तवापासनं. डावा कान तर लगीन झाल्यावर दोन-तीन वर्सांतच गेला. सुट्टीला आलं की मी हाका मारून दमायची."

मी मनात वर्षं मोजली. मी त्यांच्या पथकात गेलो त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट होती ती.

मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकून बसलो आणि ओरडून विचारलं, "उस्ताद, बार मोजताना तुम्हाला ऐकू येत होतं का?"

त्यांनी काकींकडं पाहिलं. मग शेंगांकडं. "मोटं आवाज यायचं," ते म्हणाले. "पर मोजन्यासारकं न्हाई. समदं येकात येक."

"मग गिनती?"

"तुमी सांगत हुता की. नव्या पोरांचं कान शाबूत असत्यात. जुन्यांचं माझ्यावानीच. म्हनून धाकल्याला आदी."

"आणि तुम्ही शेवटी आकडा सांगायचा, तो?"

"समद्यांचा ऐकून सांगायचो."

"एकटे ढिगाऱ्यावर जायचा ते?"

"आता कानानं मोजलं न्हाई, तर डोळ्यानं बगाय नगो? दुसऱ्या कुनाला धाडू?"

 राग आला, हे कबूल करतो. ज्या माणसाला मी आयुष्यभर नमुना धरला, तो बहिरेपण झाकत होता. आणि मी त्याच्या झाकण्याची नक्कल करून चांगला हवालदार झालो होतो. मी म्हणालो, "मेडिकल बोर्डाला सांगायला नको होतं का?"

"सांगितलं असतं तर घरी धाडलं असतं." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "घरी धाडाय पायजे हुतं, ह्ये बी खरं. पर सांगितलं न्हाई. भ्यालो."

माझ्या तोंडून निघालं, "मला वाटायचं, तुम्ही आम्हाला मान देत होता."

हे त्यांना ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. काकींनी त्यांच्या कानाशी वाकून ते परत सांगितलं. तेव्हा त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाले, "मला ऐकाय येत न्हवतं म्हनून इचारत हुतो. खरं हाय. पर मोहिते, तू नऊ म्हनालास तवा ऐकलं का न्हाई तुजं?"

मी मान हलवली.

"मग झालं."

झालं की नाही, मला अजून नीट कळलेलं नाही. परतीच्या एसटीत मी पूर्ण वेळ तोच हिशेब घालत होतो. एक बहिरा माणूस बार मोजायच्या कामावर वर्षानुवर्षं राहिला, ही चूकच. कुणाचा तरी जीव जाऊ शकला असता. पण गेला नाही, कारण आपल्याला ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं. मला ऐकू येत होतं, आणि नेमका मीच तो बारावा बार ऐकला, जो उडालाच नव्हता. डॉक्टरांनी नंतर माझे कान तपासले. ठणठणीत आहेत म्हणाले. मग तर मी जास्तच गोंधळलो.

सोमवारी रांग लावली. झेंडेवाले आधी, मग भोकं पाडणारे, मग मुकादम, मग ओव्हरसियर. रंगरावनं पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. पाठकांना तर बायांच्या मागून आकडा सांगणं फारच जड गेलं. आठवड्याभरात दोघंही सरावले. तानूबाईचा हात बरा झाला आणि ती परत घमेल्यावर गेली. तिच्या जागी दुसरी बाई आली. तीही पेरांवर मोजायची.

तलाव पुढच्या पावसाळ्याआधी पुरा झाला. त्या कामावर आणखी दोनदा गिनतीत फरक पडला. दोन्ही वेळा मी जाऊन बघितलं, दोन्ही वेळा सगळे बार उडालेले होते. अर्धा-अर्धा दिवस बुडाला. लोकांनी शिव्या दिल्या. पण कमी आकडा सांगणाऱ्याला नाही, मला. तेवढी प्रगती मी धरतो.

एक मात्र झालं. रांगेच्या शेवटी माझी पाळी आली की मी काहीच म्हणत नसे. नुसती शिट्टी वाजवायचो. माझा आकडा काय होता, हे त्या दिवसानंतर मला कुणी विचारलं नाही. आणि काम चालायला त्याची काही गरजही पडली नाही.